मेहुण्याच्या हातातला दोर

॥ श्री रवळनाथ ॥

मल्लेश्वरम, बेंगळूर
दि. ९ ऑगस्ट १९५९

तीर्थस्वरूप देवाप्पा दाजींस,

परसूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. शालनअक्काने पाठवलेले कुळीथ पोचले. चंपाने त्याच दिवशी सार केलं. आम्ही दोघं बरी आहोत. पावसाळ्यात तुमच्या पायाला ठणका लागतो, तो यंदा कसा आहे ते कळवावं.

पत्राला कारण आहे. आमच्या भीमाचार्य कंत्राटदारांच्या टोळीत जूनपासून दोन भाऊ आलेत, थोरला यल्लाप्पा आणि धाकटा गुंडो. आपल्याच खानापूर भागातले आहेत. कुठल्या गावचे म्हणून विचारलं तर "जंगलाकडचे" एवढंच सांगतात. थोरला झाडावर चढतो. आणि दाजी, खाली त्याचा दोर कोण धरतो? धाकटा धरतो. सख्खा भाऊ!

आपल्याकडे झाडावर चढणाऱ्याचा दोर मेहुण्याने धरायचा. आज्जा मला सांगायचा, सख्ख्या भावाचं मन कितीही चांगलं असो, शेताच्या बांधावरून एखाद दिवशी ते फिरू शकतं. बायकोच्या भावाचं फिरत नाही, कारण दोर सुटला तर त्याच्याच बहिणीच्या बांगड्या फुटतात. म्हणून तुम्ही चढायचे आणि मी धरायचो. इथे बेंगळुरात प्रत्येकाचा मेहुणा कुठून आणणार? तरी मेस्त्री या नात्याने नऊ वर्षं फांदीचा दोर मी स्वतः धरला, मागे तीन माणसं लावून. प्रत्येक चढणाऱ्याला मी मनात बहिणीचा नवरा मानलं.

हे दोघे तसलं काही मानत नाहीत. फांदीचा दोर वरच्या खांदीच्या बेचक्यातून खाली आला की गुंडो तो झाडाच्या बुंध्याभोवती तीन-चार वेळा गुंडाळतो आणि शेवट हातात धरून उभा राहतो. एकटा. सगळं ओझं बुंधा पेलतो म्हणे. शेंड्याला दुसरा बारीक दोर बांधतात, म्हणजे फांदी भिरभिरत नाही. चढणाऱ्याच्या कमरेचा दोर तिसराच, तो फांदीच्या दोराला कुठे शिवत नाही. शिवाय कापताना आधी खालून थोडी खाच घ्यायची आणि मग वरून कापायचं. त्याने फांदी तुटताना साल सोलत बुंध्यापर्यंत येत नाही.

मी म्हणालो, "अरे, चार माणसांचं काम झाडावर काय टाकता?"

गुंडो हसून म्हणाला, "काका, तळहाताला फोड आणण्यापेक्षा झाडालाच धरू द्या की. त्याला कुठं संध्याकाळी भाकरी मोडायची आहे?"

सगळे हसले. आचार्यही हसले. मग मला म्हणाले, "मेस्त्री, स्वल्प बाजूला सरा, यल्लाप्पाला करू दे." दाजी, नऊ वर्षांत मला कुणी बाजूला सरा म्हटलं नव्हतं. ज्यांच्या घरी काम असतं ती मंडळी दहा वाजता कॉफी पाठवतात. पहिला पेला माझ्याकडे यायचा. गेले पंधरा दिवस तो यल्लाप्पाकडे जातो आणि तो बिनदिक्कत पितो.

चंपाला सांगितलं तर ती म्हणते, "मग पिऊ दे. तुमच्या हातात दोर होता तेव्हा माझ्या नणंदेचा नवरा लंगडा झाला. आता झाडाच्या हातात आहे तर बरंच आहे." तिच्या जिभेला हाड नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

मला मत्सर वाटतो असं समजू नका. मी रोज सकाळी रवळनाथाच्या अंगाऱ्याचं बोट कपाळाला लावतो आणि सगळ्यांचं भलं माग म्हणून मनाला बजावतो. पण रीत ती रीत. तुमच्याएवढा चढणारा खानापूर तालुक्यात झाला नाही. तुम्ही दोन ओळी लिहून पाठवा की ही आपली पद्धत नव्हे. मी आचार्यांना वाचून दाखवीन.

आपला,
परसू


शिरवली, ता. खानापूर
दि. २३ ऑगस्ट १९५९

चि. परसूस आशीर्वाद.

पत्र मिळालं. पाय आहे तसाच आहे. शालन म्हणते कुळीथ जपून वापरा, यंदा पेरा कमी आहे.

तू मागितल्या आहेस तशा ओळी माझ्याने लिहवणार नाहीत. तू सांगतोस ती पद्धत वाईट नाही. रीत मेहुण्याने दोर धरायची होती हे खरं, पण रीत माणसाच्या मनाची काळजी घेते, ओझ्याची घेत नाही. ओझ्याला मेहुणा आणि भाऊ सारखेच.

मला काही गोष्टी कळव. वेढे कमरेच्या उंचीला घेतात ना? साल खरबरीत असेल तर तीन पुरतात, गुळगुळीत असेल तर चार-पाच लागतात. फांदी सुटल्यावर दोर एकदम आवळून धरू नये. हातभर सरकू द्यावा, मग हळूहळू थांबवावा. एकदम थांबवला तर फांदीच्या वजनाच्या कितीतरी पट हिसका बसतो आणि चांगला दोरही तुटतो. फांदीखाली कुणी उभं राहायचं नाही आणि हाक एकानेच द्यायची. दोघांनी दिली की कुणाचं ऐकावं ते कळत नाही. गुंडो डावखुरा आहे, त्याने वेढे उलट्या अंगाने घ्यावेत, नाहीतर सुटा दोर त्याच्याच पायात येईल. एवढं बघ.

कॉफीचं मनावर घेऊ नको. तू मेस्त्री आहेस. दोन चांगली माणसं हाताखाली आली तर मेस्त्रीचं नाव होतं.

देवाप्पा


मल्लेश्वरम
दि. ३० ऑगस्ट १९५९

देवाप्पा यांस,

गुंडो डावखुरा आहे हे मी माझ्या पत्रात लिहिलं नव्हतं. मी काय लिहितो ते मला पाठ असतं.

काल दुपारी जेवायला बसलो तेव्हा मी त्याला सरळ विचारलं, "हे वेढे तुला कुणी शिकवले रे?" तो भावाकडे बघायला लागला. यल्लाप्पा म्हणाला, "सांग आता. किती दिवस लपवायचं?" तेव्हा गुंडो म्हणाला, "शिरवलीच्या देवाप्पाकाकांनी. दोन पावसाळे त्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यावर शिकलो आम्ही. काका मुसळ उभं धरून सुतळीचे वेढे दाखवायचे आणि खाली शालनकाकी वरवंटा बांधून द्यायच्या. परसूकाकांच्या टोळीत जा म्हणून त्यांनीच पाठवलं. पण आपणहून माझं नाव सांगू नका म्हणाले."

माझी बहीण वरवंटा बांधून देत होती! मी दर दोन वर्षांनी जत्रेला येतो. तिने मला भाकरी वाढली, पोरांची लग्नं सांगितली, म्हशीचं आजारपण सांगितलं. हे नाही सांगितलं.

तुमचा दोर मी सात वर्षं धरला. तुमच्या मुसळाला वेढे घालायला मी नको होतो आणि जंगलाकडची दोन पोरं चालली. माझ्यासमोर कुणी त्यांचं कौतुक केलं की आता मला असं वाटतं, ते कौतुक माझ्या घरातून चोरून नेलेलं आहे.

इथे मुलींच्या एका शाळेच्या कौलांवर मोठी फांदी आली आहे. मळेमर म्हणतात त्या झाडाला, आपल्या शिरसासारखं, पण फार पसरट. दसऱ्याच्या आधी ती उतरवायची आहे. आचार्य म्हणाले, यल्लाप्पाने ती नीट उतरवली तर पुढल्या वर्षी मेस्त्री तोच. तुम्हाला आनंद झाला असेल.

उत्तर पाठवू नका.

परसू


शिरवली
दि. २० सप्टेंबर १९५९

चि. परसू,

पाठवू नका म्हणालास, म्हणून तीन आठवडे थांबलो. शालन रोज विचारते, लिहिलं का? तिच्यावर रागावू नको. ती मला पहिल्यापासून सांगत होती की परसूला बोलवा. मीच तिला गप्प बसवलं.

आता मी जे लिहितो ते एकदाच लिहिणार आहे.

सोळा वर्षांपूर्वी त्या नांदरुकाच्या झाडावर माझा पाय मोडला. फांदी तुटली, दोर तुझ्या हातातून सरसरत गेला, फांदी झुलून परत आली आणि माझी मांडी बुंध्याशी चेपली. तुझ्या तळहातांची कातडी दोराला चिकटून गेली होती ते मी वरून बघितलं. महिन्याभरात तू बेंगळूरला निघून गेलास. तेव्हापासून जत्रेला येतोस तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात बहिणीजवळ बसतोस. सोप्यावर माझ्याजवळ बसत नाहीस. आपल्या हातून दोर सुटला असं तुला वाटतं. गावातही लोक तेच म्हणतात आणि मी कधी ते खोडून काढलं नाही.

सोप्यावर बसून माणूस काय करणार? मी सुतळी आणि मुसळ घेऊन बसायचो. पाच-सहा वर्षांनी माझ्या लक्षात आलं, वरवंटा मी दोन बोटांनी धरू शकतो, जर मुसळाला तीन वेढे असले तर. आणि वेढे नसले तर दोन्ही मुठींनी धरूनही तो हातून जातो. तेव्हा मला कळलं की त्या दिवशी तुझ्या जागी कुणीही असता तरी दोर गेलाच असता. ती फांदी धरणारे हात माणसाला देवाने दिलेलेच नाहीत. चूक तुझ्या हातांची नव्हती. चूक पद्धतीची होती.

हे मला दहा वर्षांपासून माहीत आहे. मी तुला सांगितलं नाही.

का, ते लिहायला मला आत्ताही लाज वाटते. तू बेंगळूरला मेस्त्री झालास, तुझी पत्रं यायची, आज हे झाड, उद्या ते झाड. तुझ्या पायांना काही झालेलं नव्हतं. मला वाटायचं, त्याच्याकडे दोन पाय आहेत, माझ्याकडे निदान हे एक असू दे, की तो स्वतःला दोषी समजतो. परसू, मी तुझ्या पायांवर जळत होतो. यल्लाप्पा आणि गुंडो चौकशी करत आले, त्यांना दिलं, कारण त्यांच्यावर जळायला मला कारण नव्हतं. तुझ्याकडे पाठवलं, म्हणजे विद्या तुझ्यापर्यंत पोचेल आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. माझं नाव लपवायला सांगितलं तेही त्यासाठीच.

आता तू रागाव. पण शाळेच्या कामाआधी एक कर. सगळे दोर काढ, वीतवीत अंतरावर पिळा उलटा फिरवून आतले पदर बघ आणि वास घे. दोर बाहेरून चांगला दिसतो आणि आतून मेलेला असतो. कुबट वास आला किंवा धूळ पडली तर तो दोर तोडून टाकायचा. यल्लाप्पा चढण्यात हुशार आहे, पण दोर तपासायचा त्याला कंटाळा आहे. ते काम मेस्त्रीचं.

देवाप्पा


(कार्ड)

मल्लेश्वरम
दि. १ ऑक्टोबर १९५९

तीर्थस्वरूप दाजींस,

पत्र पोचलं. कार्डावर काय लिहिणार, पोस्टमनपासून सगळे वाचतात. फांदी ४ तारखेला, रविवारी उतरवायची आहे. शाळेला सुट्टी असते. अक्काला नमस्कार.

परसू


मल्लेश्वरम
दि. १४ ऑक्टोबर १९५९

तीर्थस्वरूप दाजींस साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा घराबाहेर जाऊन हौदाच्या कट्ट्यावर बसलो आणि दोन्ही तळहात बघत राहिलो. वाटलं, आता मन हलकं होईल. झालं नाही. त्याच्या जागी दुसरंच आलं. ज्या गोष्टीने मी सोळा वर्षं झिजलो ती उलगडून दाखवणारी विद्या या दोघांना मुसळ-वरवंट्यावर मिळाली. त्यांना झिजावं लागलं नाही. यल्लाप्पा जेवायला बसला की मी डबा उचलून दुसरीकडे जायला लागलो.

आता पुढचं.

३ तारखेला, शनिवारी संध्याकाळी, मी तुम्ही सांगितलं तसे सगळे दोर काढले. चार चांगले होते. पाचवा, बारीक आणि मऊ, चुन्याच्या पोत्याशेजारी पडला होता. पत्र्यातून पाणी गळून चुना ओला झालेला, आणि ओला चुना दोर खातो. बाहेरून काही दिसत नव्हतं. मधेच दोन हात अंतरात पिळा उलगडला तर आत काळं होतं आणि बोटाला पूड लागली. तुमचं पत्र नसतं तर मी बघितलंच नसतं.

मी तो तोडला नाही. दाजी, मी तो परत पिळला, नीट गुंडाळला, आणि मेलेला भाग आतल्या वेढ्यात जाईल असा गुंडाळला.

मी मनाशी म्हणालो, हा बारीक दोर शेंड्याला बांधतील. तो तुटला तर फांदी भिरभिरेल आणि शाळेची कौलं फुटतील. मुली सुट्टीवर आहेत, कुणाला काही लागणार नाही. फक्त यल्लाप्पाचं नाव जाईल. मी हे इतक्या शांतपणे ठरवलं की घरी येऊन हातपाय धुतले, देवाजवळ दिवा लावला आणि जेवलो. जेवण गोड लागलं. हे मी तुम्हाला मुद्दाम लिहितो.

रविवारी सकाळी नेहमीसारखं मीच झाडाच्या बुंध्याला हळदकुंकू लावलं, नारळ ठेवला, फांदी घेतो आहोत म्हणून माफी मागितली. यल्लाप्पाने दोरांच्या गुंडाळ्या बघितल्या आणि ती बारीक, मऊ गुंडाळी उचलली. शेंड्याला त्याने जुनाच एक काथ्याचा सुंभ घेतला. गुंडो म्हणाला, "दादा, हा तर शेंड्याचा आहे." तो म्हणाला, "राहू दे. मेस्त्रींच्या हातची गुंडाळी आहे. हा मी कमरेला घेतो." आणि माझ्याकडे बघून हसला. चढायला लागला.

मी काही बोललो नाही.

तो पहिल्या खांदीवर गेला. मी बोललो नाही. दुसऱ्या खांदीवर गेला. कमरेचा दोर त्याने वरच्या खांदीतून घेतला आणि हलवून बघितला. आता तो फांदीवर पुढे जाऊन सगळा भार त्या दोरावर टाकणार, हे मला दिसत होतं. रवळनाथाचं नाव तोंडात येईना. आलं ते कस्तुराबाईचं, त्याच्या बायकोचं. ती सकाळी डबा द्यायला आली होती आणि हिरव्या बांगड्या भरल्या होत्या.

मी ओरडलो, "यल्लाप्पा, हलू नको! खांदीला मिठी मार!"

तो थांबला. "काय झालं?"

आणि दाजी, मी म्हणालो, "आत्ता ध्यानात आलं, तो दोर चुन्याजवळ होता!"

त्याने खांदीला मिठी मारली. फांदीचा जाड दोर ओढून घेतला, तो कमरेला बांधून खाली आला. आचार्यांनी बारीक दोर दोन्ही हातांत धरून ओढला. शेवयीसारखा तुटला. आचार्य मोठ्याने म्हणाले, "ह्याला म्हणतात मेस्त्री! डोळे बघा म्हाताऱ्याचे! उद्यापासून यल्लाप्पा ह्यांच्या हाताखाली, आणि पुढल्या वर्षीही हेच." यल्लाप्पाने सगळ्यांच्या देखत माझ्या पायांना हात लावला.

नव्या दोराने दुपारी फांदी उतरवली. गुंडोने उलट्या अंगाने चार वेढे घेतले, हातभर सरकू दिला, थांबवला. फांदी अंगणात टेकली तेव्हा तिच्यावरचं कावळ्याचं जुनं घरटं जागचं हललं नव्हतं. एक कौल फुटलं नाही.

खंडेनवमीला आचार्यांनी कोयते, करवती, दोर मांडून पूजा केली. फुलं वाहायला मला पुढे केलं. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं आहे. कॉफीसुद्धा. मी काय करू ते सांगा.

परसू


शिरवली
दि. २४ ऑक्टोबर १९५९

चि. परसू,

तुझं पत्र वाचून जाळलं. शालनला सांगितलं नाही.

त्याच टपालाने यल्लाप्पाचंही पत्र आलं. तो लिहितो, परसूकाकांनी मला मरणातून काढलं. त्याच्या बायकोच्या पाठीला भाऊ नाही. तिने ठरवलंय की येत्या भाऊबीजेला तुला ओवाळायचं आणि भाऊ करून घ्यायचं, म्हणजे तू यल्लाप्पाचा मेहुणा होशील आणि इथून पुढे त्याचा दोर रीतीप्रमाणे तुझ्या हातात येईल. त्याने मला विचारलंय की मानलेला मेहुणा रीतीत बसतो का. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

काय करू, असं तू मला विचारतोस. मला दहा वर्षं लागली तोंड उघडायला आणि तेही तू पकडलंस म्हणून. मी कोण सांगणार? आपण दोघांनी एकच केलं. मी जे माहीत होतं ते लपवून तुला खाली ठेवलं, तू जे माहीत होतं ते लपवून त्याला खाली आणायला निघालास. तुझं निदान हाकेत संपलं.

पण एक लिहितो. मेहुण्याच्या हातात दोर देतात तो त्याच्या ताकदीवर देत नाहीत. बहीण मधे असते म्हणून देतात. ती पोर तुझ्या कपाळाला कुंकू लावेल ते हे मनात धरून लावेल. त्या पाटावर तुला बसता येतं का, ते तूच बघ.

देवाप्पा


मल्लेश्वरम
दि. ८ नोव्हेंबर १९५९

तीर्थस्वरूप दाजींस साष्टांग नमस्कार.

भाऊबीजेला मी यल्लाप्पाच्या खोलीवर गेलो. चंपाही बरोबर होती. तिला मी आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. तिने टोमणा मारला नाही. "मी येते, एकटे जाऊ नका," एवढंच म्हणाली.

पाट मांडला होता, भोवती रांगोळी. कस्तुराबाईने निरांजन लावलं. मी पाटावर बसलो आणि म्हणालो, "बाई, थांबा."

ती हसली. "भाऊ म्हणून बसलात आणि बाई काय म्हणता, अण्णा?"

मग मी सांगितलं. चुन्यापासून गुंडाळीपर्यंत. गुंडो म्हणाला, "काका, थट्टा करताय." मी म्हणालो, "नाही रे."

यल्लाप्पाने एकच विचारलं, "मी किती वर गेलो तेव्हा तुम्ही ओरडलात?"

"दुसरी खांदी ओलांडून."

"म्हणजे दोन खांद्या तुम्ही बघत उभे होता."

"होय."

तो उठून बाहेर गेला. कस्तुराबाई ताम्हण हातात धरून तशीच उभी होती. वात जळत होती. मला वाटलं, आता ते ती माझ्या अंगावर टाकेल. टाकलं तर बरं, असंही वाटलं. तिने ते नेऊन देवापुढे ठेवलं आणि परत आली.

"तुम्हाला ओवाळलं तर मला तुमची बहीण व्हावं लागेल," ती म्हणाली. "ते आज माझ्याने होत नाही. ताटं वाढली आहेत, जेवल्याशिवाय उठू नका. पुढल्या भाऊबीजेला या. तोवर मी बघते."

आम्ही जेवलो. गुंडोने मला दोनदा वाढलं.

दुसऱ्या दिवशी मी आचार्यांना सांगितलं. ते बराच वेळ कानडीत स्वतःशीच बोलले. मला काढून टाकणार होते. यल्लाप्पा म्हणाला, "काढू नका. दोर तपासणारा माणूस टोळीत दुसरा नाही. पण मेस्त्री आता मी होईन." "सरी, ठीक आहे," आचार्य म्हणाले. आता मेस्त्री तो आहे. दाजी, मत्सर गेला असं लिहिलं तर खोटं होईल. त्याने हाक दिली आणि माणसं धावली की आत काहीतरी आवळतं. पण आता मी ते हातभर सरकू देतो आणि मग थांबवतो. तुमच्या सांगण्यावरूनच.

यल्लाप्पाला उत्तर द्या की मानलेला मेहुणा रीतीत बसतो, पण मानायचं की नाही हे बहिणीने ठरवायचं. मी मार्गशीर्षात चार दिवस रजा घेऊन येतो आहे. जे दोन पावसाळ्यांत त्यांना शिकवलंत ते मलाही शिकवा. तुमच्याविषयीचा रागही थोडा शिल्लक आहे, तो समोर बसून सांगीन.

कमरेचा दोर यल्लाप्पा आता रोज घरी नेतो. रात्री कस्तुराबाई तो मांडीवर घेऊन पदर न् पदर उलगडून बघते, मगच त्याला परत देते. फांदीचा दोर गुंडोकडे होता. काल मल्लेश्वरमच्याच एका घराशी जांभळाचं काम होतं. यल्लाप्पाने तो गुंडोच्या हातातून काढून घेतला आणि माझ्यापुढे धरला. मी बुंध्याला चार वेढे घेतले, साल गुळगुळीत होती म्हणून.

तो चढला. वर जाईपर्यंत त्याने तीनदा थांबून खाली बघितलं. पूर्वी तो एकदाही बघत नसे.

आपला,
परसू